दारामागची काचपट्टी

खट्!

बाहेरून कडी लागली. मग कुलूप. मग शिट्टी वाजवत जिना उतरणारी पावलं.

"ओ सुपरवायझर काकाऽऽ! आम्ही आत आहोत!" भोंगा ओरडला. त्याचं नाव उगाच भोंगा नव्हतं पडलं! पण नेमकं तेव्हाच रस्ता फोडायचं यंत्र सुरू झालं. धडधडधडधड! हाक कुठल्या कुठे विरली.

"'दोन मिनिटांत जाऊन येऊ' म्हणाली होती कोणीतरी," मोजपट्टी पुटपुटला.

"मला काय माहीत, तो माणूस आत न डोकावताच कुलूप ठोकेल!" वावटळ फणकारली आणि दारावर तिनं आणखी चार धडका मारल्या. दार ढिम्म.

तिसऱ्या मजल्यावरची रिकामी खोली. खिडकीला गज. सव्वातीन वाजलेले. चार वाजता समोरच्या सभागृहात ठरणार होतं, ही जुनी इमारत जपायची की पाडायची. पाडली, तर तळमजल्यावरचा मावशीचा पुस्तकबांधणीचा कारखाना गेलाच! ज्या मावशीनं वावटळला लहानाचं मोठं केलं, तिनं मग जायचं कुठे?

आणि सगळं अडलं होतं एका काचपट्टीवर. भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात. भिंत सरकली की काच तुटते. इथली पट्टी आठवड्यातच तुटली, असं इमारत तपासणाऱ्या सुपरवायझरचा अहवाल सांगत होता आणि त्याच्या वरच्या मोठ्या इंजिनिअर बाई तोच सभेत मांडणार होत्या. पण हीच भिंत खाली कारखान्यापर्यंत जाते आणि तिथे केसाएवढीही भेग नाही! हे वावटळच्या डोक्यात घुसलं आणि सुट्टीतला पत्त्यांचा डाव टाकून ती दोघांना ओढत वर घेऊन आली होती.

"खरं सांगू?" मोजपट्टी खाली बघत म्हणाला. "मला वाटतं, पाडलेलीच बरी."

"काय?"

"आमचं घर याच्या बरोबर खालच्या मजल्यावर. तिथून रस्त्यापर्यंत शेहेचाळीस पायऱ्या आहेत. मी मोजल्यात. माझे आजोबा दोन वर्षं खाली उतरलेले नाहीत. नव्या इमारतीत लिफ्ट असेल."

इतकी वर्षं एकत्र खेळून वावटळनं हे कधी विचारलंच नव्हतं!

तेवढ्यात छतातून पोपडा सुटून भोंग्याच्या डोक्यावर आदळला.

"मेलो! भिंत सरकतेय!"

तिघं दाराच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटले. खोली जणू आवळत चालली होती. वावटळनं डोळे गच्च मिटले, उघडले आणि एकदम किंचाळली, "ते बघा!"

दाराशेजारच्या भिंतीवर ती तुटकी पट्टी होती. काच भेगेच्या रेषेत नव्हती चिरली. एका टिंबापासून चहूकडे तडकली होती. चेंडू लागलेल्या खिडकीसारखी!

मोजपट्टीनं खिशातला टेप काढला. "जमिनीपासून टिंब एकशे तीन सेंटिमीटर." मग तो दाराच्या पितळी मुठीकडे वळला. "मूठ... एकशे तीन!"

"दार उघडताना मूठच आपटली!" वावटळ नाचली. "दार बंद असताना पट्टी चिकटवली आणि नंतर दार ढकलून तीच फोडली! भोंग्या, खांदा दे!"

भोंग्याच्या खांद्यावरून तिला छताजवळ त्याच भेगेवर दुसरी पट्टी दिसली. त्याच तारखेची. अख्खी!

"ही कुणी बघितलीच नाही?"

"स्टूल कोण आणणार!" भोंगा खालून कण्हला. "उतर आता, हत्तीण!"

वावटळच्या खिशात शिवणीचा दोरा कायम असायचा. मोजपट्टीनं चिठ्ठी लिहिली: 'आजोबा, आम्ही वर कोंडलोय. मावशीला फोन करा. मोठ्या इंजिनिअर बाईंना आणि किल्लीवाल्या सुपरवायझरना घेऊन यायला सांगा. पुरावा आहे!' गजांतून दोरा खाली गेला. आजोबांची खिडकी बरोबर खालीच होती. एक मिनिट. दोन. पाच. मग दोऱ्याला दोन हिसके बसले!

"आता एक गंमत," वावटळ म्हणाली. कोपऱ्यात उरलेल्या काचपट्ट्यांचा खोका होता. त्यातली एक तिनं तुटकीवर चिकटपट्टीनं लावली.

जिन्यावर पावलं वाजली. "अगं बयो, आहेस ना धड?" मावशीचा घाबरा आवाज.

"आहे गं! काका, दार जड आहे, नेहमीसारखं ढकला!" आणि तिघं लांब सरकले.

सुपरवायझरनं दार ढकललं. खळ्ळ्!

इंजिनिअर बाई आत आल्या. त्यांनी दारामागे वाकून बघितलं. टेप लावून मुठीची उंची बघितली. मग छताजवळची अख्खी पट्टी.

"भिंत आत्ता सरकली का हो?" त्यांनी विचारलं. सुपरवायझरचा चेहरा चुन्यासारखा पांढरा!

सभा अर्धा तास उशिरा सुरू झाली. बाईंनी अहवाल मागे घेतला, दोन्ही पट्ट्यांची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "आमच्या माणसांना स्टूल सापडलं नाही. या मुलांना खांदा सापडला!" इमारत पाडायची नाही, दुरुस्त करायची, असं ठरलं. टाळ्या वाजत असताना मोजपट्टी तेवढा समोर आजोबांच्या खिडकीकडे बघत होता.

वावटळनं मावशीच्या कानात काहीतरी सांगितलं. मावशी मोजपट्टीकडे वळली.

"कारखान्याशेजारच्या खोलीतले माझे कागदाचे गठ्ठे वर तुमच्या खोलीत चढतील," ती म्हणाली, "आणि ती खालची खोली आजोबांना. अदलाबदल! कबूल?"

रविवारी आजोबांची खाट खाली आली. मोजपट्टीनं खाटेपासून रस्त्यापर्यंतचं अंतर मोजलं. एकदा, दोनदा, खात्री पटेना म्हणून तिसऱ्यांदा.

"आजोबा, नऊ पावलं!"

"मोजत काय बसलास?" आजोबा काठी उचलत म्हणाले. "चल!"