रोज एक पान

मोहसीनच्या दुकानात तीन प्रिंटर मांडून ठेवले होते आणि सोनियाला त्यातला एक आजच घरी न्यायचा होता.

भोरच्या बाजारपेठेतलं ते दुकान जेमतेम दहा बाय बारा. तिचा नवरा कुमार शिवऱ्याला हायवेवर टेम्पो चालवायचा. आज सुट्टी काढून आला होता आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. हिर्डोशीची एसटी चुकली की संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसणं आलं.

"घरी कशाला पायजे वहिनी प्रिंटर?" मोहसीननं विचारलं. "लोकं दुकान टाकायला नेतात."

सोनियानं मांडीवरच्या लेकीची, शिवन्याची, दवाखान्याची जाड फाईल काउंटरवर ठेवली. चार वर्षांची पोर, पण अंगानं अडीच वर्षांची वाटायची. हृदयाला जन्मापासून छिद्र. चार पावलं चालली की ओठ काळपट पडत. नखं तर कायमचीच निळी. पुण्यातला एक ट्रस्ट ऑपरेशन फुकट करून देणार होता, पण यादी लांब होती आणि फायलीची भूक भागत नव्हती. आज उत्पन्नाचा दाखला, उद्या जुन्या रिपोर्टची प्रत, परवा तोच दाखला पुन्हा, सहीनिशी. मोबाईलवर काढलेला फोटो त्यांना चालत नसे. सावली पडते म्हणायचे. एका कागदासाठी हिर्डोशीहून भोरला यायचं, झेरॉक्सवाल्याकडं लाईट येईपर्यंत थांबायचं, परत जायचं. गेल्या महिन्यात एक कागद एकच दिवस उशिरा पोचला आणि शिवन्याचा नंबर एकतीस जागा मागं गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवाळीच्या पुढं नेऊ नका.

"म्हंजे स्कॅन, झेरॉक्स, प्रिंट, तिन्ही एकात." मोहसीनचा आवाज खाली आला. "हा लेझर. फास्ट हाय, पण रंगीत येत न्हाई. हा कार्ट्रिजवाला, दिसायला गरीब, शाई प्यायला राक्षस. आणि हा टँकवाला. बाटलीनं शाई भरायची, वर्षभर बघायला नको."

"रंगीत कशाला?" कुमार म्हणाला. "आपल्याला काय लग्नपत्रिका छापायच्यात?"

"हिच्या हृदयाच्या इकोचे रिपोर्ट रंगीत असतात," सोनिया म्हणाली. "लाल-निळं दिसलं न्हाई तर परत पाठवतील."

तेवढ्यात शिवन्यानं टँकवाल्याचं झाकण उचललं आणि काचेवर पंजा ठेवला. मोहसीननं हसून बटण दाबलं. उजेडाची पट्टी तिच्या बोटांखालून सरकत गेली आणि पोर खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी. निवड तिथंच झाली.

"एक ध्यानात ठेवा," खोकं बांधताना मोहसीन म्हणाला. "रोज एक पान काढायचं. काय पण काढा. पडून राहिला की शाई सुकती आणि नेमका गरजेला दगा देतो."

माजघरातल्या खिडकीपाशी टेबल मांडून तो ठेवला. ओल लागू नये म्हणून सासूबाईंनी, साळूबाईंनी, आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्यावर घातला. "नवरीवानी झाकून ठिवलाय. वटी भरू का गं त्याची?" असं म्हणून त्या दोन दिवस हसत होत्या.

रोजचं पान शिवन्यानंच ठरवलं. सकाळी अंघोळ झाली की ती टेबलापाशी यायची आणि हात वर करायची. सोनिया तिला कडेवर घ्यायची, पंजा काचेवर ठेवायची, बटण दाबायची. कागदावर काळपट पार्श्वभूमीवर एक चिमुकला हात उमटायचा, निळसर नखांचा. कोपऱ्यात तारीख लिहून सोनिया तो एका फायलीत घालायची. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. उद्या काही वेडंवाकडं झालंच तर एवढं तरी आपल्यापाशी राहील, हा विचार ती स्वतःशीसुद्धा पुरता करत नसे. मध्येच भांडी घासायला उठायची.

कागदपत्रं मात्र वेळच्या वेळी जाऊ लागली. नंबर पुढं सरकू लागला.

गणपती उठल्यावर कधीतरी शिवन्या ती फाईल घेऊन खेळत बसली होती. कागद जमिनीवर पसरून प्रत्येक हातावर आपला हात ठेवून बघत होती. पहिल्यावर बरोबर बसला. दहाव्यावर बसला. शेवटच्या कागदावर तिनं पंजा ठेवला तेव्हा चारी बाजूंनी कागदावरचा हात बाहेर डोकावत होता.

सोनिया हातातलं सूप ठेवून जवळ आली. पोरीचा हात तिनं स्वतः नीट लावून बघितला. कागदावरचा हात बोटभर नाही, पण नखभर तरी मोठा.

तिनं मोहसीनला फोन लावला.

"झूमवर पडलं असंल वहिनी. शंभर टक्क्यावर हाय का बघा."

शंभरावरच होतं. तिनं आधार कार्ड ठेवून प्रत काढली; कार्ड प्रतीवर ठेवलं तर रेघेला रेघ जुळली. स्वतःचा हात ठेवला. तेवढाच आला. फक्त मनगटाजवळ एक लांबट डाग दिसत होता. तसला डाग तिच्या हातावर नव्हता. काच मळली असेल म्हणून तिनं ती पुसली. पंधरा दिवसांनी भाकरी उलटताना तव्याची कड मनगटाला चाटून गेली. फोड बसला आणि डाग उरला, तेव्हा तिनं तो कागद शोधून काढला. हातावरचा डाग कागदावरच्या डागाशी जुळला, त्याच जागी, तेवढाच लांबट.

त्यानंतर ती रोज सकाळची वाट बघू लागली.

हात वाढत होता. बोटं लांबत होती. दसऱ्याच्या सुमारास मधल्या बोटावर पेन धरून पडतो तसा घट्टा दिसला. चारच दिवसांनी नखांवर उडालेलं, अर्धवट राहिलेलं गुलाबी नेलपॉलिश. आणि जिथं ते उडालं होतं तिथलं नख निळं नव्हतं. साधं, निरोगी, फिकट लाल. सोनियानं तो कागद छातीशी धरला आणि आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात घातला.

शेजारी काचेवर टेकलेला खरा हात तेवढाच होता. चिमुकला. निळा.

साळूबाईंनी एकदा दोघींना कागदावर हात लावून बघताना पाहिलं.

"माप घिती व्हय गं लेकराचं?"

"न्हाई आत्या, खेळतोय."

"लेकराचं माप घिऊ न्हाई, बये." आणि त्या शिवन्याला उचलून अंगणात गेल्या.

दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन आला. खाट मिळाली होती. शुक्रवारी भरती.

कुमार गुरुवारी रात्रीच जीप ठरवून आला. सकाळी संमतीचा कागद प्रिंट करून त्याच्या हातात दिला, तर तो धरूनच बसला.

"शंभरात धा, म्हनले डॉक्टर. शंभरात धा लेकरं..." त्यानं कागद मांडीवर उलटा ठेवला. "अजून थोडं थांबू या का? जरा अंग धरू दे तिला."

"तिला काय होत न्हाई."

"तुला कुनी सांगितलं?"

सोनियानं पेन त्याच्यापुढं धरलं.

"सोने, मी इचारतोय. तुला कुनी सांगितलं?"

"ती मोठी होनार हाय. तुमी सही करा."

तिच्या आवाजाला तो बिचकला. त्यानं सही केली आणि पिशव्या जीपमध्ये ठेवायला बाहेर गेला.

माजघरात त्या दोघीच उरल्या. रोजचं पान राहिलं होतं.

एकदाच, सोनियाला वाटलं. आज एकदा बघू दे. म्हणजे ऑपरेशनच्या दारातून तिला आत नेतील तेव्हा मी तिचा हात सोडू शकेन.

पण आज शिवन्या हात ठेवेना. घरातली धांदल बघून ती भेदरली होती. मूठ मिटून रडत होती.

"मी पन ठेवते, बघ. आपुन दोघी. ठेव, माझी बाय."

सोनियानं आपला पंजा काचेवर पसरला. शिवन्यानं हुंदका देत शेजारी आपला टेकवला. दोन्ही हातांखालून उजेड सरकत गेला.

कागद हळूहळू बाहेर आला.

बाईचा हात होता. भरलेला, मोठा, मनगटात हिरवा चुडा. नखं लालसर, नितळ. करंगळीचं वळण शिवन्याचं, तेच, जन्मापासूनचं.

सोनियाच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला.

मग तिनं शेजारी बघितलं.

बाकीचा कागद रोजच्यासारखा काळपट होता. फक्त त्या हिरव्या चुड्याच्या हाताला लागून पाच बोटांची एक जागा कोरी होती. पांढरी. शाईचा ठिपकाही नसलेली.

तिनं आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला. डाग जागेवर होता. बोटं हलत होती. तिनं तो परत काचेवर ठेवला, एकटाच, आणि बटण दाबलं.

उजेड गेला. आला.

कागदावर पुन्हा तीच पाच बोटांची कोरी जागा.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. "आवरलं का गं?" कुमार दारातून आत आला. "काय बघतीस?"

सोनियानं दुसरा कागद चुरगळून मुठीत घेतला. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. पण आवाज हलला नाही.

"काय न्हाई. चला. हिला उशीर नको व्हायला."

तिनं शिवन्याला कडेवर घेतलं आणि नको इतकं घट्ट धरलं. पोरीचं रडणं थांबलं होतं. पहिला कागद तिनं टेबलावरून उचलून हातात धरला होता. ती आईच्या खांद्यावरून बापाकडं वाकली आणि त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून समजावल्यासारखं म्हणाली,

"पप्पा, हितं आई व्हती."