मयताच्या राखणीतला डाव

बर्फ आणायला गेलो होतो आम्ही. मी आणि नियाज. दोन हजार अकरा साल, महाशिवरात्र नुकतीच होऊन गेलेली, माघातली अमावास्या, शुक्रवार. हडपसरला आमच्या शेजारचे सोनबा दिवस मावळल्यावर गेले. रात्री न्यायचं नाही, उजाडल्यावर न्यायचं, असं भावकीनं ठरवलं. उन्हाळा लागलेला, म्हणून नियाजनं आपला टेम्पो काढला आणि आम्ही बर्फाच्या लाद्या घेऊन आलो. गोणपाटात गुंडाळून मयताच्या दोन्ही अंगांना लावल्या. सोनबांचा उजवा हात बाहेर आला होता, तो मी स्वतः चादरीत घेतला. मग पाठ धरली म्हणून घरी जाऊन पडलो. त्या रात्रीचं पुढचं सगळं मला नियाजनं सांगितलं. तो माझ्याशी आजवर खोटं बोललेला नाही.

आणि हे मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मघाशी त्या रिकाम्या खुर्चीसमोर फासे टाकलेत म्हणून. पत्ते सापडले नाहीत, तर फाशांवर एकवीस. घरातच कसिनो. वा, हुशारच आहात! इथवर ठीक होतं. पण "चौथा माणूस नाही तर नाही, त्याचा हात आपणच टाकू" म्हणालात ना, तेव्हा माझं डोकं फिरलं. ठेवा ते फासे खाली. दात नंतर काढा.

मयत एकटं सोडायचं नसतं. रात्रभर कुणीतरी जागं बसायचं, आत बायका, बाहेर पुरुष. झोप येऊ नये म्हणून बाहेर पत्ते चालतात, त्याला कुणी नावं ठेवत नाही. त्या रात्री ओसरीवर तिघं होते. नियाज, सोनबांचा मुलगा मच्छिंद्र आणि मच्छिंद्रचा चुलतभाऊ अनंता. आत मयताच्या उशाशी मच्छिंद्रची धाकटी बहीण हेमा. मधलं दार उघडं.

या हेमाला नवऱ्यानं टाकलेलं. सोनबांनी तिला रस्त्याकडची खोली दिली होती. तिथं तिचं शिलाई मशीन, तिथंच तिची चूल, तिथंच तिच्या पोरीचा अभ्यास. भावकीला बोलावून सोनबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माझ्यामागं ही खोली हेमाची." कागद केला नाही. साध्या माणसाला वाटतं, बोललं म्हणजे झालं. मच्छिंद्रला त्या खोलीचा गाळा काढून भाड्यानं द्यायचा होता. बाप मरायची वाट बघत होता, दुसरं काय! मला आजही त्याचा संताप येतो.

तर पत्ते कुणाकडे नव्हते. अनंता नुकताच गोव्याला जाऊन आलेला, उठता-बसता कसिनो. त्यानं पोरांच्या सापशिडीतले दोन फासे आणले. दोन्ही टाकायचे, बेरीज करत जायचं, एकविसाच्या जवळ आलं की थांबायचं. एकविसाच्या वर गेला तो जळला. पैजेला काडेपेटीतल्या काड्या.

"तिघांत मजा न्हाय," अनंता म्हणाला. "कसिनोत टेबल भरल्यालं लागतंय."

मच्छिंद्रनं आत बघितलं. "मग आबांचा हात मांडा की. त्ये बी जागंच हायेत आज."

"मच्छिंद्र, असं बोलू नये," नियाज म्हणाला.

"तू गप. बाप माझा हाय."

आणि तो बापाच्या नावानं फासे टाकायला लागला. पहिला डाव आबांचा. हसले. दुसराही आबांचा. तिसराही. आबांच्या नावाच्या काड्या उंबऱ्याशी ठेवत होते, तो ढीग वाढत गेला. अनंताचं हसू बंद झालं. मच्छिंद्रचं तोंड मात्र लाल होत चाललं. जन्मभर बापापुढं एक शब्द काढला नव्हता त्यानं, आणि आता मेलेला बापही त्याला हरवत होता. त्यानं काड्या लाथेनं उडवल्या.

"खोली लावतो," म्हणाला. मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं. "आबा जिंकलं तर खोली हेमीची. हरलं तर उद्याच्याला तिचं मशीन रस्त्यावर!"

आत हेमानं मान वर केली. "दादा, आबा अजून घरात हायेत रे." एवढंच म्हणाली.

मच्छिंद्रनं आधी स्वतःसाठी टाकले. सहा-पाच. मग चार-तीन. अठरा. थांबला. मग बापासाठी. सहा-सहा. पुन्हा चार-तीन. एकोणीस.

नियाजनं सुस्कारा सोडला. "झालं. आबा जिंकले."

"आबा थांबतो म्हणालं का?" मच्छिंद्रनं विचारलं. "तू ऐकलंस?"

बघा, माणूस किती नीच होऊ शकतो. एकोणिसावर पुन्हा टाकायचे म्हणजे जळायचंच. दोन्ही फाशांवर एकेक पडला तरच वाचायचं. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्यानं फासे खुळखुळवले आणि टाकले.

एक फासा ओसरीवरच थांबला. त्यावर एक.

दुसरा उंबऱ्यावर आपटला... आत गेला.

आतून आवाज येत राहिला. टक्... टक्... फरशी सपाट. फासा थांबायला हवा होता.

टक्...

मग शांत.

कुणी उठेना. शेवटी नियाज उठला. मोबाईलचा उजेड धरला. आत गेला.

फासा मयताजवळ होता. उजवा हात चादरीबाहेर होता... बोट फाशाला टेकलेलं.

"हेमा, तू...?"

तिनं मान हलवली. नाही.

नियाज वाकला. फाशावर एकच टिंब होतं.

एकवीस.

मग मच्छिंद्र म्हणाला, "उंबऱ्यापल्याडचा धरत न्हायीत." उठून आत आला. "आन मढ्याशी लावल्याली पैज कोण पाळतंय?" दोन्ही फासे उचलले आणि रस्त्यापलीकडच्या गटारात भिरकावले.

सकाळी सोनबांना नेलं. स्मशानातून आल्यावर, अंगावरचे ओले कपडे वाळायच्या आत, मच्छिंद्रनं हेमाचं मशीन रस्त्यावर नेऊन ठेवलं आणि खोलीला कुलूप ठोकलं. मी बोललो. चांगला भांडलो. तर मला म्हणतो, "काका, आमच्या घरात पडू नका." भावकीतला एक जण तोंड उघडेल तर शपथ. सोनबांचा शब्द ज्यांनी कानांनी ऐकला होता ते सगळे मूग गिळून बसले. रात्री नियाजची आई जुबेदाबी आली, हेमाला आणि तिच्या पोरीला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली. त्या घराला तेवढी तरी लाज होती.

आता हे नीट ऐका. सोनबांच्या घरात चाल अशी, की माणूस जिथं गेलं तिथं रात्री पीठ पसरायचं, जवळ दिवा लावायचा आणि पिठावर डालं, म्हणजे मोठी टोपली, पालथं झाकायचं. सकाळी डालं उचलून बघायचं, पिठात पाऊल कशाचं उठलंय. पाखराचं, मुंगीचं... त्यावरून म्हातारी माणसं सांगतात, गेलेला कुठल्या जन्माला गेला. रात्रभर मच्छिंद्र सोनबा गेले त्याच आतल्या खोलीत, पिठाशेजारी, आतून कडी लावून झोपला होता. सकाळी डालं उचलायला मला बोलावलं. मी ते या हातांनी उचललं.

पाऊल नव्हतं.

बोटाचे ठसे होते. माणसाच्या बोटाचे. आधी एक. शेजारी दोन. मग तीन, तिरपे. चार. पाच. शेवटी सहा...

फाशाच्या सहाही बाजू. ओळीनं.

अनंता दारातूनच मागं फिरला. मी मच्छिंद्रकडं बघितलं. तो गुडघ्यावर बसला आणि ठशांवर बोट धरून मोजायला लागला, शाळेतल्या पोरासारखा. मोठ्यानं. सतरा... अठरा... एकोणीस... वीस...

पुढचा आकडा त्याच्या तोंडून निघाला नाही. तो उठला, अनवाणी रस्त्यावर गेला आणि बहिणीचं मशीन छातीशी धरून घरात घेऊन आला.