ओला पट्टा

विद्यापीठाच्या क्रीडा संशोधन केंद्राची मी प्रशासक. खेळाडू धावतात, संशोधक त्यांना मोजतात आणि मागचं सगळं निस्तरते मी. चाचणी संपली की छातीला बांधायचे, नाडीचे ठोके मोजणारे पट्टे धुऊन खुंटीवर वाळत घालायचे, हा नियमही माझाच. विश्वास माणसांपेक्षा कुलपावर ठेवावा, हे माझं जुनं मत.

त्या सकाळी प्रयोगशाळा उघडली तर शेवटचा पट्टा ओला होता. पाण्याने नव्हे. त्याला घामाचा वास येत होता आणि आतली बाजू कोमट होती.

किल्ल्या दोनच. एक माझी, दुसरी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या माझ्या मामेभावाची. त्याला इथे मीच चिकटवलं होतं. हा बाहेरच्यांना चोरून सरावाला आत घेत असणार, अशी शंकेची पाल चुकचुकली.

"ताई, शपथ, मी नाही."

"मग काय, पट्ट्याला आपोआप घाम फुटला?"

मी संचालकांच्या कानावर घातलं. चौकशी होईपर्यंत त्यांनी त्याला घरी बसवलं. दोषी ठरला तर नोकरी जाणार होती. किल्ली मी काढून घेतली. मामीने माझ्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा ओला. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उगाच पोराच्या पोटावर पाय दिला होता. भर दुपारी मी त्याला बोलावून घेतलं.

तो आला आणि माझ्याकडे न बघता आत गेला. सवयीने त्याने नाडीचे ठोके दाखवणारा पडदा सुरू केला. पट्टा अंगावर असेल तरच त्यावर आकडा दिसतो.

आकडा दिसला. पट्टा खुंटीवरच होता.

"बिघाड असेल," म्हणत मी पट्ट्याकडे निघाले. आकडा चढला.

मी थांबले. आकडाही थांबला.

आणखी एक पाऊल टाकलं. वेगाने धावणाऱ्यांचाही होत नाही इतका आकडा झाला.

मामेभाऊ पुढे झाला. "मोकळा श्वास घ्या," नवख्या खेळाडूंना म्हणतो तसं तो पट्ट्याला बोलून गेला. मग माझ्याकडे वळला. "ताई, तू जरा दाराबाहेर हो."

मी झाले. आकडा उतरला.

उंबऱ्याच्या आत आले. चढला.

"ते तुला घाबरतंय," तो म्हणाला.

"मला? वेडा की काय!" मी हसून पाहिलं. "जाऊ दे ते. तुझी काही चूक नाही, मी संचालकांना आत्ताच सांगते. ही घे तुझी किल्ली."

मी हात पुढे केला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यामागे. मागे नुसता रिकामा व्हरांडा होता.

तो मागे सरकत सरकत पट्ट्याच्या खुंटीपाशी जाऊन उभा राहिला.

"किल्ली तिथेच खाली ठेव, ताई," तो म्हणाला.