हिरवी चूक

साहेब, तुम्ही धडधडीत खोटं बोललात. सगळ्यांसमोर म्हणालात, "टाकीघरातून काही हाती लागलं नाही. बंद करा." काय हाती लागलं, ते आता ऐका.

माझं काम जीवाणूंच्या जनुकांचं. पोवळ्यांत राहणारे जीवाणू त्यांना तापल्या पाण्यात तगवतात का, हे मला बघायचं होतं. एक जीवाणू आत कुठे बिऱ्हाड करतो ते दिसावं म्हणून त्याच्यात मी हिरवं चमकणारं जनुक बसवलं आणि त्या जीवाणूंची डबी पोवळ्यांच्या टाकीघरात पाठवली. दुसऱ्या दिवशी निळा दिवा धरला, तर पोवळं हिरवंगार! मी किंचाळले... आणि शेजारच्या माणसाला चक्क मिठी मारली.

तो पोवळी सांभाळणारा नवा संशोधक. त्यानं मिठी पुरती संपू दिली. मग म्हणाला, "अहो... तुमची डबी अजून फ्रीजमध्येच आहे."

"मग हे?"

"पोवळं मुळातच हिरवं चमकतं. जन्मजात."

माझी कानशिलं तापली. "आधी सांगायचं ना!"

"सांगणारच होतो. पण — घाई काय होती?"

तेव्हापासून मी त्याची 'हिरवळ' आणि सदा खाऱ्या पाण्यात हात असलेला तो माझा 'खारट'. पोवळ्याकडे नसलेला नारिंगी रंग शोधून त्याचं जनुक मी जीवाणूत बसवलं. भिंगातून एकानं बघितलं तरी पुरतं. आम्ही मात्र दोघंही वाकायचो. डोकी आपटायची. कुणीच मागे सरायचं नाही...

गेला आठवडाभर टाक्यांचं पाणी तापवत होतो. काल बाकीची पोवळी पांढरीफटक पडली. माझा जीवाणू ज्यांच्यात होता, त्यांचा रंग टिकला! आत नारिंगी ठिपके चमकत होते. आणि तेवढ्यात तुमचा हुकूम आला: सोमवारी टाक्या रिकाम्या, त्याची नोकरी खलास, जीवाणू नुसते काचेच्या बशीत वाढवा. बशीत वाढतो हो तो! पण पोवळ्याला जगवतो का, हे बशी सांगणार आहे?

खारट ओल्या हातांनी नळ्या गुंडाळत होता. "जीवाणू तुझ्याकडे राहतील..."

"आणि तू?"

"मला कोण ठेवून घेणार?"

"मी. आईला सांगितलंय. म्हणाली, खारट तर खारट, आण घरी."

त्यानं नळ्या खाली ठेवल्या. "या वेळी डबी फ्रीजमध्ये नाही ना?"

"नाही."

"मग — हो."

साहेब, ही बादली तुमच्या टेबलावर ठेवतेय. आत रंग टिकलेल्यांतलं एक पोवळं आहे, जिवंत. त्यानं माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं. आता तुम्ही द्या. सोमवारी टाक्या भरलेल्या असतील की नाही? बोला.