मिटलेले शंकू

"अकरावा शंकू कुणीतरी बदललाय," चिमटी शिडीवरून म्हणाली. "काल संध्याकाळी छान उघडा होता. आज बघ, मुठीसारखा मिटलाय."

"पाइनचा शंकू कोण चोरणार?" शिडी धरून धरून तिच्या दादाचे हात भरून आले होते. "टेकडीवर पोत्यानं पडलेत."

"रखवालदारकाका," गोगलगाय म्हणाला. तो त्यांचा मित्र. सगळं सावकाश करायचा म्हणून हे नाव पडलं होतं, आणि संशयही तो सावकाशच घ्यायचा. "ते आपल्याकडे बघून सारखे हसतात."

सुट्टी लागल्यापासून तिघांनी शंकू, वाळक्या शेंगा नि लाल बिया गोळा करून लांबलचक माळ ओवली होती. ती वाचनालयाच्या भिंतीवर चढत होती. वाचनालय चिमटीची मावशी सांभाळायची आणि शनिवारी ते कायमचं बंद होणार होतं. भिंतीत जमिनीतून ओल चढते, पुस्तकांना बुरशी लागते, यावर इलाज नाही, असं इंजिनिअरसाहेबांनी लिहून दिलं होतं. वाचनालय बंद म्हणजे मावशीची बदली, तीही दिवसभराच्या प्रवासाइतक्या लांब. शाळेतून घरी यायचं आणि घरात मावशी नसणार, हा विचार आला की चिमटी घाईघाईनं आणखी एक शंकू ओवायला घ्यायची.

"मग सजावट कशाला करायची?" तिनं विचारलं होतं.

"जाताना खोली रडवेली दिसू नये म्हणून," मावशी म्हणाली होती. तिचा स्वतःचा चेहरा मात्र तसाच दिसत होता.

चिमटीनं अकराव्या शंकूला लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी शंकू पुन्हा मिटलेला, पण दोरा जागच्या जागी, गाठसुद्धा तीच. म्हणजे चोर नव्हताच. दुपारी खिडकीतून ऊन आलं तसा तो हळूहळू उघडला.

गोगलगायनं एक उघडा शंकू पाण्याच्या भांड्यात टाकला आणि समोर बसून राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ओला झाला की मिटतो."

"तू आज पहिल्यांदा वेळेवर पोचलास," दादा म्हणाला.

"थांबा," चिमटी म्हणाली. "ओल जमिनीतून चढत असेल तर खालचे शंकू मिटायला हवेत. अकरावा तर छताजवळ आहे!"

तिघांनी माळ काढली आणि छतापासून जमिनीपर्यंत सरळ खाली सोडली. बुधवारी सकाळी वरचे चार शंकू गच्च मिटलेले होते, मधले अर्धवट आणि खालचे पार उघडे. पाणी वरून येत होतं.

वरच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली रखवालदारकाकांकडे होती. "ती खोली सात महिने उघडलेली नाही," काका म्हणाले.

"साहेबांनीही पाहिली नाही?"

"त्यांनी इथेच चहा घेतला, भिंतीवर टिचकी मारली नि गेले."

दार उघडलं तर आत घोट्याएवढं पाणी. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ पूर्ण उघडा होता आणि भोकात फडकं अडकलं होतं. पहाटे नळाला पाणी यायचं, बेसिन भरून वाहायचं आणि दिवस उजाडेपर्यंत पाणी जायचं. काकांनी डोक्याला हात लावला. एकदा नळ कोरडा होता म्हणून त्यांनीच तो उघडून पाहिला होता आणि बंद करायला विसरले होते.

दुपारी इंजिनिअरसाहेब आले. खोली पाहून त्यांचे कान लाल झाले, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिघांशी हात मिळवला. "मला कळलं नाही ते तुम्ही शंकूंनी शोधलंत. शाब्बास! मी नवा अहवाल लिहितो."

"मग मावशी राहील?" चिमटीनं विचारलं.

साहेब आपल्या बुटांकडे बघू लागले. "हुकूम निघालाय, बाळ. इमारत वाचेल. पण कागद फार वर गेलाय."

"वरून पाणी खाली येतं," चिमटी म्हणाली, "मग कागद का येत नाही?"

मावशीनं तिला जवळ ओढलं, आणि चिमटीला रडू आवरलं नाही.

शनिवारी पुस्तकं खोक्यांत भरून गेली. रिकाम्या भिंतीवर माळ तेवढी राहिली होती. चिमटी शिडीवर चढली. वरपासून खालपर्यंत एकूण एक शंकू उघडा होता.

"वाळली गं भिंत," ती खाली न बघताच म्हणाली.

मावशी हातात पिशवी घेऊन दारात उभी होती. "लाल दोऱ्याचा मला दे," ती म्हणाली. चिमटीनं तो सोडवून दिला. मावशीनं डोळे पुसले आणि त्याच ओल्या हातरुमालात तो गुंडाळून पिशवीत ठेवला. पोचेपर्यंत तो नक्कीच मिटला असणार.