आखाजीचं बंद दार

आखाजीच्या दिवशी घरचा आमरस सोडून परक्याच्या मशीनमध्ये डोकं घालायला जाणारा माणूस मूर्खच म्हणायचा. आमच्या खानदेशात आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आंब्याला कोणी तोंड लावत नाही, त्यामुळे त्या रसाची वाट वर्षभर पाहिलेली असते. मी पिशवीत पाने-पेचकस भरत होतो तेव्हा बायको दारापर्यंत आली आणि पाठ फिरवून आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पण सकाळीच दोंडाईच्याहून लोटनभाऊंचा फोन आला होता. मिरचीचे व्यापारी, तालेवार माणूस, एरवी फोनवरही हुकूम सोडणारे. आज आवाज खाली होता. "भटूभाऊ, मशीननं दार उघडत नही. जेवाना आधी उघडाले पाहिजे. पाया पडस." शहाण्णव साल असावं ते. समोर गोल काचेचं दार असलेली कपडे धुण्याची मशीन तेव्हा मोजक्याच घरांत होती आणि ती दुरुस्त करणारा धुळ्यात मी एकटा. त्याचा मला ताठाही होता. निघालो.

लोटनभाऊंचं घर स्टेशनच्या अलीकडे. उन्हानं डोळे दिपत होते, मिरचीचा खाट नाकात जात होता. घरात शिरलो आणि पहिल्यांदा वाटलं की इथे चोरी झालीय. पुढचं दार उघडं, मागचं उघडं. कपाटं उघडी, धान्याच्या कोठीचं झाकण काढून ठेवलेलं. फ्रिजसुद्धा सताड उघडा, आत दुधाचं पातेलं बिचारं गरम होत बसलेलं.

"फ्रिज तरी लावा," मी म्हणालो.

"अक्का लावू देत नही," लोटनभाऊ म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची आई, धुरपदाबाई. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, उपाशी. धाकटा मुलगा जीवराम गेल्या आषाढात शेतातल्या विहिरीत मोटर उतरवताना गेला. ही त्याची पहिली आखाजी. आज गेलेली माणसं घरी जेवायला येतात, त्यांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, हे आमच्याकडे घरोघरी असतं. या घरची रीत आणखी कडक होती. पितराचं पान वाढेपर्यंत घरात एकही दार बंद ठेवायचं नाही.

"बठ्ठा दारे उघडा शेतस," अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या. "हाई एकच बंद शे. मना पोरग्या उपाशी जाई रे भाऊ."

हसण्यासारखंच होतं, पण हसू आलं नाही.

मशीन जीवरामनंच सुरतेहून आणलेली. तो गेल्यापासून चादरीखाली पडून होती. पितर म्हणून जेवायला बसणार होते भाऊबंदातले तोतारामबाबा. त्यांना द्यायला नवा सदरा आणि धोतर घेतलं होतं. त्याची खळ जावी म्हणून जीवरामची बायको प्रमिलाबाई हिनं काल ते कपडे मशीनमध्ये टाकले. पाणी भरलं, मशीन दोनचार वेळा फिरली आणि थांबली. दार तेव्हापासून बंद. तोतारामबाबा बनियनवर ओट्यावर बसून वारा घेत होते.

हा बिघाड म्हणजे माझ्या हातचा मळ. त्या दाराच्या कडीत एक पट्टी असते. वीज लागली की ती तापते आणि कडी अडकते. वीज काढली की थोड्या वेळात थंड होते, कडी सुटते. मी प्लग काढला, चहा प्यायलो, दार ओढलं. हललं नाही.

मग पाणी. आत पाणी असलं की दारावर जोर येतो. नळ बंद केला, मागची नळीही काढून टाकली. खालच्या जाळीचं झाकण फिरवून बादली लावली. पाणी आलं ते इतकं गार की माझी बोटं आखडली. वैशाखाचं ऊन, गच्चीवरची टाकी. त्या घरात हात धुवायचं पाणीसुद्धा चटके देत होतं. लोटनभाऊ बादल्या मागच्या अंगणात नेऊन ओतत होते. मशीनमध्ये मावतं तेवढं पाणी निघालं. मग त्याहून जास्त निघालं. मी नळाकडे पाहिलं. नळी जमिनीवर कोरडी पडली होती.

लोटनभाऊंनी एक बादली नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली.

"हाई पानी कथानं शे?"

"टाकीचं," मी म्हणालो.

त्याला शेवाळाचा वास होता. मलाही आला होता. मला राग आला, कुणाचा ते कळेना. मी उठून तोंडावर पाणी मारलं, टाकीचं, गरम. परत आलो तेव्हा धार थांबली होती. दार तसंच होतं.

आता वरचा पत्रा काढायचा आणि मागून हात घालून कडी सोडवायची. अशी हार मला आवडत नाही, पण ऊन डोक्यावर आलं होतं आणि अक्कांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पेच काढले, पत्रा उचलला, खांद्यापर्यंत हात आत घातला. कडी बोटांना लागली.

कडी सुटलेली होती.

केव्हाची सुटलेली होती. पट्टी थंड, चाप मोकळा. मी डाव्या हातानं दार ओढलं. ते बोटभर आलं आणि परत गेलं.

परत ओढलं. परत तसंच. रबर चिकटलं असेल तर दार येतच नाही. हे येत होतं आणि सावकाश मागे जात होतं. लहानपणी आम्ही भाऊ एकमेकांना दार उघडू द्यायचो नाही, त्यातला हा प्रकार होता.

मी हात बाहेर काढला. काचेतून पाहिलं नाही. तीस वर्षांचा धडधाकट माणूस मी, अमावास्येला स्मशानाजवळच्या पंपाचं काम करून आलेलो, पण पाहिलं नाही.

"काय व्हयनं?" लोटनभाऊंनी विचारलं.

"काही नाही. जाम आहे."

"मझार कोनी शे का?" प्रमिलाबाईनं मशीनच्या आत बोट दाखवत विचारलं. मी आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

अक्का भिंतीला धरून उठल्या. मशीनसमोर येऊन बसल्या आणि रोजच्या आवाजात, थोडं चिडूनच, म्हणाल्या, "जीवराम, चाल रे बापू. पान वाढेल शे. कवळपाईन वाट देखी राहिनूत."

दार उघडलं.

आवाज झाला नाही. आत धोतर होतं, पिळलेलं. सदरा होता. अक्कांनी तो बाहेर काढला. नवा कोरा सदरा, घडीची रेघ अजून पाठीवर. कॉलर मात्र आतून काळपट, घामानं मळलेली. महिनोन्‌महिने अंगात घातल्याशिवाय कॉलर अशी होत नाही.

"हाऊ काल मी घडी मोडीसन टाकेल व्हता," प्रमिलाबाई म्हणाली. "नवा व्हता."

अक्कांनी कॉलर नाकाला लावली. त्यांचा चेहरा असा निवला की मला तिथे उभं राहणं अवघड झालं. तोतारामबाबा आत डोकावले, सदरा पाहिला आणि म्हणाले की मला काही हा घालायचा नाही.

"तुमी नका घालू," अक्का म्हणाल्या. "तो सोता येल शे. तुमी बठ्ठा भाईर बसा. त्याले पाव्हनासमोर जेवानी लाज वाटस."

आम्ही बाहेर गेलो. खरं सांगतो, कोणी वाद घातला नाही. आमच्यामागे दार लागलं. मग मागचं. मग कपाटं, एकेक करून. शेवटी आतून दाराला लाकडी आडणा पडला.

ओट्यावर कोणी कोणाकडे बघत नव्हतं. लोटनभाऊ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होते. आत ताट ठेवल्याचा आवाज झाला. पाट सरकला. मला भूक लागली होती आणि त्याची लाज वाटत होती.

प्रमिलाबाई एकदम उठून दाराशी गेली. "अक्का, एकदाव वाढा आनि उठा," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "आयकं का? एकदावच."

मग माझ्याकडे वळली. मी परका, म्हणून मला सांगणं तिला सोपं गेलं असावं. "पितरले ‘आखो वाढू का’ अशे कधी इचारतस नही, भाऊ. वाढानं नि हात जोडाना. जेवीसन तो चालना जास. इचारं तं ऱ्हाई जास."

"‘आणखी’ विचारलं की तो राहतो, हे अक्कांना माहीत असेल ना," मी म्हणालो.

"त्यास्नीच तं माले शिकाडं."

तिनं दार ढकललं. आडणा हलला नाही. लोटनभाऊही उठले.

आतून अक्कांचा आवाज आला, मऊ, लाडाचा.

"आखो वाढू का रे?"

कोणी घास गिळून उत्तर द्यावं, तेवढा वेळ गेला.

आणि रसाच्या पातेल्यात ओगराळं वाजलं.