हिरवं कंकण

"कंकण हिरवं आहे तोवर खुशाल सोमवार धर. लाल झालं की मात्र उपास सोडायचा. देव रागवत नाही," थोरली जाऊ शालनवहिनींनी मंदाकिनीच्या मनगटात लोहकंकण सरकवताना बजावलं होतं.

काजूच्या कारखान्यात प्रत्येक बाईच्या हातात ते असे. मनगटातल्या रक्तावर प्रकाश टाकून शरीराच्या कोठारात लोह किती उरलंय ते सांगे. कोठार रिकामं होऊ लागलं की कंकण लाल. मग औषध आणि सक्तीची बिनपगारी रजा. मंदाकिनीचं कायम हिरवं. म्हणून चढण चढताना धाप लागली तरी ती चहावर उपास काढी. नखं खोलगट झाली, चोरून कच्चे तांदूळ चघळायची सवय लागली. ती म्हणे, चाळिशी आली.

आज काजू सोलता सोलताच ती कोसळली. दवाखान्यात डॉ. परुळेकरांनी शिरेतून रक्त घेऊन तपासलं.

"साठा संपलाय, मावशी. तांदूळ खावेसे वाटतात ना?"

मंदाकिनी ओशाळली. "पण हे हिरवं आहे की!"

डॉक्टरांनी कंकण संगणकाला जोडलं. "मोजतंय बरोबर. लाल कधी व्हायचं, ती रेघ कुणीतरी खाली ओढलीय. ते फक्त मुकादमाला जमतं. लोहाची सलाईन उद्या सुरू करू. पण एकट्या येऊ नका. तुमच्या टोळीतल्या बायकांनाही आणा. आणाल?"

"आणीन."

टोळीच्या मुकादम शालनवहिनीच. संध्याकाळी पेजेचा डबा घेऊन त्या घरी आल्या, तशी मंदाकिनीने कंकण पुढे धरलं.

"लाल झालं असतं तर घरी बसवलं असतं गो तुला. तुझ्यासाठीच केलं."

"आणि टोळीत लाल कंकणं वाढली असती तर तुमचं मुकादमपण गेलं असतं, ते?"

वहिनी पेज ढवळत राहिल्या.

"यंत्र फसवलंत ते फसवलंत. पण मध्ये देवाला कशाला आणलंत? त्याच्यापुढे हात जोडताना मला तुमचा शब्द आठवायचा हो."

"कुणाकडे बोलू नकोस," वहिनी पुटपुटल्या. "पाया पडते."

मंदाकिनीने पेज घेतली नाही.

सकाळी पूजा आटोपून तिने उसळ-भाकरी खाल्ली, डॉक्टरांनी सांगितल्यासारखं वर लिंबू पिळून. चहा बाजूला सारला. मग भिंतीचा आधार घेत घेत शेजारच्या, टोळीतल्याच दीक्षाच्या दारी गेली. दीक्षाला सातवा महिना होता. तिचंही कंकण हिरवंगार.

"काकी, एवढ्या सकाळी?"

मंदाकिनीने तिचा फिकट तळवा हातात घेतला.

"दीक्षा, चढण चढताना तुलाही धाप लागते का गो?"